कोंडवाड्याची जमा

आमच्या गावचा कोंडवाडा सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळी माळाच्या, खाली आहे. चिऱ्यांच्या चार भिंती, वर आभाळ. दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणारं जनावर तिथं कोंडायचं आणि मालकाकडून दोन रुपये दंड घेऊन सोडायचं, हे काम महिपतचं. त्यानं पोफळीला वीजघराच्या कामावर अकरा वर्षं घमेली वाहिली होती. ते काम संपलं, तो गावी आला, आणि ग्रामपंचायतीनं त्याला महिना पन्नास रुपयांवर ठेवला. त्या पन्नासावर त्याची आणि चिमाची, म्हणजे त्याच्या बायकोची, चूल पेटत होती.

चौऱ्याऐंशी सालच्या अंदाजपत्रकात जमा आणि खर्चाची तोंडं मिळेनात. घरपट्टी चढवा म्हणायला कुणाची जीभ उचलेना, कारण प्रत्येक उंबऱ्याआड मतं होती. शेवटी सरपंच गंगारामदादांनी तोड काढली. महिपतचा पगार वर्षाला सहाशे, तर ते सहाशे कोंडवाड्यानंच आणावेत. गुरांना काही मत नव्हतं. ग्रामसेवकानं आकडा मांडला आणि महिपतला बजावलं, की एवढी जमा झाली नाही तर पुढच्या साली तुझी जागा जाईल.

महिपतला पाढे येत होते. सहाशे रुपये म्हणजे तीनशे गुरं. गावात गुरंच मुळी दोनशे.

तेव्हापासून त्याचे पाय एका जागी ठरेनात. भात कापलं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात, ही रीत बापजाद्यांची. तेव्हा कोंडायचं कुणाला? राहिले ते पावट्याचे नि मिरचीचे मळे, तेही कुंपणातले. तो उजाडल्यापासून बांधाबांधानं फिरे. पूर्वी नुसत्या घंटेवरून गाय कुणाची ते सांगणारा हा माणूस, आता घंटा वाजली की ती मळ्याकडे वळते का, एवढंच बघे. अर्ध्या जेवणातून उठे.

चिमा म्हणायची, "बसा वो जरा. गुरांनी पाप करावं म्हणून नवस बोललाय काय?"

पौष लागला तेव्हा जमा एकशे चौदा झाली होती. नव्या अंदाजपत्रकाची सभा आठवड्यावर आली होती.

एका संध्याकाळी त्यानं तुळसाच्या मळ्याचं बेडं काढलं. बेडं म्हणजे कुंपणातल्या वाटेवरचे आडवे बांबू. तुळसाचा घरकार, म्हणजे नवरा, मुंबईत, पावटा तिनं एकटीनं कळशीच्या पाण्यावर जगवलेला. महिपत करवंदीच्या जाळीआड बसला, उठला, पुन्हा बसला. सड्यावरून उतरणाऱ्या गुरांतल्या दोन गाई आत शिरल्या. चार रुपये. पहिलीनं शेंगांसकट वेल ओढला, आणि तो कसा धावला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं गाई हाकलल्या, बांबू जागच्या जागी घातले. तेवढ्यात तुळसा कळशी घेऊन आली.

"महिपतदादा, तुम्ही होतात म्हणून पावटा राहिला," ती म्हणाली.

पुढचे दिवस त्याला अन्न गोड लागेना.

सभेला मीही होतो. तुळसा विहिरीच्या रहाटाचं सांगायला आली होती. ग्रामसेवकानं कोंडवाड्याची जमा वाचली तेव्हा सरपंचांना महिपतची दया आली. औंदा नाही जमलं, पुढच्या साली जमेल, पुन्हा सहाशेच मांडा, असं ते म्हणाले. जागा वाचली होती. नुसतं गप्प राहायचं होतं.

महिपत उठून उभा राहिला. "दादा, तिथं शून्य लिवा. तुळसाचं बेडं मीच काढलं होतं. आकडा राहिला तर परत काढीन."



"मेल्या," तुळसा म्हणाली, "आणि मी तुला दादा म्हटलं." मग ती ग्रामसेवकाकडे वळली. "बेडं परत घातलंन पण त्यानंच. ते पण लिवा."

ग्रामसेवकाकडे त्याला रकाना नव्हता. त्यानं जमेतले सहाशे खोडले, खर्चातला सहाशेंचा पगार खोडला. दोन्ही बेरजा बरोब्बर जुळल्या. घरपट्टीचं नाव न काढता काम झालं, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

पगार मार्चअखेरपर्यंत चालणार होता. पण महिपत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो देवरूखच्या वाटेला लागला. बाजारात ओझी उचलायला माणूस लागतो, एवढं त्यानं ऐकलं होतं. किती देतात, ते विचारलं नव्हतं.