नवसाबाईची हाळी

"आवाज हाय तवर मी हाय," नवसाबाई सारखी म्हणायची.

आमच्या मखमलाबादची ही बाई. पहाटे शेवंती खुडून, पाटी डोक्यावर घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, फुलबाजारात जायची. तिची हाळी नदीच्या पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोचायची. मी ऐकलेली आहे, म्हणून सांगतो.

उन्हाळ्यात तिची बायपास झाली. त्यानंतर हृदयाला पुन्हा चालतं करायला नाशिकच्या इस्पितळात व्यायामासाठी खेपा सुरू झाल्या. शेजारी म्हणून सोबतीला मी. तिच्या मुलानं, सुनीलनं, बजावलं होतं, "आई, दम लागत असंल तर बाजार बंद. तुझा बसायचा ओटा दुसऱ्याला देऊन टाकू."

तिथल्या लांब व्हरांड्यात संजना सिस्टर तिला चालवायची. चालताना बोलणं तुटलं की थांबायचं, असा तिथला नियम. नवसाबाई मात्र तोंड मिटून चालायची.

"मावशी, बोलायला काही सुचत नाही ना? मग फुलं विका," सिस्टर म्हणाली.

"इथं? तुझ्या औषधाच्या वासात?"

"विका हो. मी गिऱ्हाईक."

"घ्या शेवंतीऽऽ, ताजी शेवंतीऽ!" अख्खा मजला दारात आला.

पण बाई बेरकी. दम लागला की पदर सावरायच्या निमित्तानं थांबायची. संजनानं ते पाहिलं. हातातल्या टॅबवर तिची बोटं तेवढी फिरली.

पुढच्या खेपेला संजना रजेवर. तिच्या जागी निफाडची तेजल सिस्टर, आम्ही कधी न पाहिलेली. नवसाबाईनं मला डोळा मारला. हाळी सुरू झाली. खिडकीपाशी तिचा हात पदराकडे गेला, तोच तेजल म्हणाली, "मावशी, पदर राहू द्या. आधी बसा."

नवसाबाई मटकन बसली. "तू तर परवा नव्हतीस गं! चुगली कुणी केली?"

तेजलनं टॅब पुढे धरून वाचलं. नाडी, रक्तदाब, आणि खाली संजनानं लिहिलेलं: 'हाळी देत चालतात. दम लागला की पदर सावरतात, तेव्हा बसवावे. त्यांना बाजारात परत जायचे आहे.'

शेवटचं वाक्य नवसाबाईनं पुन्हा वाचायला लावलं.

"हे बी लिवलंय? समद्यांना दिसतं?"

"इथं ड्यूटीवर जी येईल तिला."

ती टॅबच्या काचेकडे बघतच राहिली. मीही. देवळात एका वातीवरून दुसरी वात पेटते, तशी एकीची नजर दुसरीच्या डोळ्यांत उतरली होती, आणि मधे हातभर काच.

त्या दिवसापासून तिनं पदराचा आडोसा सोडला. "लिव बाई, इथं लागला दम," आपणहून सांगायची. ती जागा हळूहळू पुढे सरकली. खिडकी मागे पडली, जिना मागे पडला.

अखेर डॉक्टरांनी सुनीलला बोलावून सगळ्या सिस्टरांच्या नोंदी पडद्यावर दाखवल्या. "बाजाराला हरकत नाही. पाटी मात्र डोक्यावर नको."

सुनील बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "पाटी मी पोचवीन."

"आन हाळी?" आईनं विचारलं.

"ती माझ्यानं व्हायची नाय."

नवसाबाई उठली आणि हाळी देत फाटकाकडे निघाली. सुनील तिच्यामागे जायचं सोडून जागीच थबकला. संजना दारात उभी होती, टॅब हातात तसाच, लिहायचं राहून गेलेलं. फाटकाच्या वळणावर बाई दिसेनाशी झाली, तरी दोघं त्याच दिशेला बघत होते. आवाज अजून येत होता.