नांगराचा घेर

आमच्या ह्यांना एका जागी बसवत न्हाई. चन्नप्पा वाण्याचं दुकान म्हणलं की दिंद्रुडात कुणीबी दावील, पण गादीवर माणूस सापडंल तर शपथ! त्यात आमचा एकुलता एक केदार बीडला आयटीआय करून रत्नागिरीला मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायला गेला, तवापासून तर पायाला भिंगरीच. गळ्यात लिंग असलेलं पोरगं मासळीच्या बोटीवर, म्हणून भावकीनं तोंड सोडलं. ह्यांना भावकीचं काय न्हाई, ह्यांना पाण्याची भीती.

दोन हजार साली बोटीवरचे सगळे झोपलेले असताना नांगर सुटला अन ओहोटीनं बोट खडकावर नेऊन आपटली. केदार हात मोडून घरी आला. हात बरा झाला तसं परत जातो म्हणायला लागला. हे म्हणाले, आधी यंत्र, मग बोट.

यंत्र म्हंजे जीपीएस. बोट कुठं हाय ते दावतं, अन नांगरापासून लांब सरकली की बोंब मारतं. बापलेक मुंबईला दुकानात गेले. एक यंत्र नुसतं बोंब मारणारं, दुसरं भरती-ओहोटीच्या वेळाबी सांगणारं. केदार म्हणाला दुसरं, घात ओहोटीनंच केलता. हे सुपारीसुद्धा फोडून बघितल्याबिगर घेत न्हाईत. दोन्ही यंत्रं वाजवायला लावली, कानाला लावून ऐकली, रस्त्यावर जाऊन ऐकली. दुसऱ्याचा आवाज मोठा निघाला, म्हणून तेच घेतलं.

घरी आणून त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. मग अंगणात नांगर टाकल्याचं यंत्राला सांगितलं, किती लांब सरकल्यावर बोंब मारायची तो घेर सगळ्यात लहान ठेवला अन हातात धरून निघाले. गल्लीच्या तोंडाशी गेले की बोंब. परत मागं, परत पुढं. गिऱ्हाईक साखर मागतंय अन दुकानदार नांगर टाकतोय, काय म्हणावं बाई!

केदारनं समजावलं, नांगरलेली बोटबी एका जागी ऱ्हात न्हाई. दोर आखूड ठेवला तर नांगर उपटतो, म्हणून लांब सोडायचा, अन भरती-ओहोटीनं पाणी फिरलं की बोट नांगराभवती फिरणारच. घेर दोरापेक्षा मोठा पायजे. त्यानं तो वाढवला. ह्यांनी मान हलवली. हा माणूस इतक्या गुमान कधी मान हलवत न्हाई, पण माझं ध्यान पोराच्या शिदोरीत. जायच्या दिवशी केदार देवाच्या पाया पडत होता, तवर ह्यांनी पिशवीतनं यंत्र काढून घेर परत लहान केला.

पुढच्या आठवड्यात एसटीडी बूथवर केदारचा फोन आला. मी ह्यांच्या कानाला कान लावून उभी. पाणी फिरलं की यंत्र ओरडत होतं. खलाशी वैतागले, बंद करून कोपऱ्यात टाकलं अन झोपले. नशीब, वारा न्हवता.

"आप्पा, घेर तुमी कमी केलता?"

हे म्हणाले, "तू जरा जरी हाललास तरी कळावं म्हणून."

"उगंउगं वाजलं की कुणी ऐकत न्हाई, आप्पा."

पोरगं रागावलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला लागंल तेवढा ठेव, लेकरा," हे म्हणाले. "मी हितं जागा हाय."

खोटं न्हाई ते. तवापासून रातभर कूस बदलत असत्यात, अन मलाबी झोपू देत न्हाईत.