हाय नाही, आहे

व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करायचं काम शाळेनं माझ्या गळ्यात मारलं, कारण म्हणे माझी मराठी शुद्ध. ती कशी शुद्ध झाली ते मलाच ठाऊक. डीएडला असताना माझ्या तोंडून 'हाय' निघालं की अख्खा वर्ग हसायचा. म्हणून वर्षभर मी या पोरांच्या मागं लागले, "हाय नाही, आहे म्हणा! नाहीतर जन्मभर मेंढरं राखत बसाल."

मग साताऱ्याच्या एका कारखान्यातले साहेब सरावाची मुलाखत घ्यायला आमच्या शिराळ्याला आले. पहिली मुलगी समोर बसली. धनगराची पोर, वर्गात सगळ्यात हुशार. साहेब हसून म्हणाले, "हाय!"

तिनं अदबीनं सांगितलं, "सर, हाय नाही. आहे."

वर्गात हशा पिकला. साहेबही हसले आणि त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

पोरीनं मान खाली घातली. तिच्या बापाची मेंढरं होती आणि मेंढरांचं नाव मी वर्षभर शिवीसारखं घेतलं होतं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. मला माझाच डीएडचा वर्ग दिसायला लागला. शेवटी राहवेना, भिंतीजवळूनच ओरडले, "बोल की गं! मेंढरं हाईत म्हणून सांग!"

पुन्हा हशा, या वेळी माझ्यावर. ती एकटी हसली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली,

"मॅडम, आहेत."