बादल्यांचं काम

नवी बाई कामावर आली की तिला माझ्याकडे पाठवतात. विमानतळाजवळ, देवनहळ्ळीच्या पुढे प्लॅस्टिकच्या छपराखाली जरबेऱ्याची फुलं पिकवतात, तिथे मी आहे. चिकोडी-निपाणीकडच्या बायकांना कन्नड येतं, पण घाबरल्या की तोंडातून मराठीच निघतं, म्हणून त्या माझ्या वाट्याला. मी चौथी शिकलेली. शिकवायची मला हौस नाही. संडास कुठे, डबा कुठे ठेवायचा, हे इतक्या जणींना सांगून झालंय की आता सांगताना माझं लक्षही नसतं. फूल कापायचं नाही, देठ बुडाशी धरून पिळून ओढायचा. खुंट राहिला की कुजतो. शिकतात, हात बसला की कपड्यांच्या कारखान्यात निघून जातात. मग दुसरी येते. पुन्हा संडास कुठे, डबा कुठे.

मागच्या वर्षी चिकोडीकडची एक आली. नवरा वारलेला, पदरात मुलगी. राहायला शेतावरचीच खोली. नोकरी गेली की खोलीही जाते. हात चांगला होता तिचा. पण मधूनच काही दिवस ती यायचीच नाही. कधी पोट दुखतं, कधी मुलीला ताप. एकदा गावाकडचा मामा वारला. पुढे पुन्हा तोच मामा वारला. लग्नसराई होती, फुलं कुणासाठी थांबत नाहीत. सुपरवायझर मला म्हणाला, आता खाडा झाला तर तिला खोली रिकामी करायला सांगा. असली कामंही माझ्याकडेच येतात.

पुढचा खाडा झाला तेव्हा मी तिच्या खोलीवर गेले. ती कोपऱ्यात बसली होती. तिची चटई वेगळी, ताट-तांब्या वेगळा. मग काही विचारावं लागलं नाही.

"एवढ्यासाठी मामाला दोनदा मारलंस होय गं?"

"पुरुषमाणसाला काय सांगू, अक्का? आणि असल्या दिवसांत फुलाला हात कसा लावू? देवाला जायचं ते."

मी म्हटलं, ही फुलं देवाला जात नाहीत. लग्नाच्या स्टेजवर लावतात, नवरदेवाच्या गाडीला लावतात, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. यांना वाससुद्धा नाही. तिने नीट ऐकून घेतलं.

"एखादं जात असेल की," ती म्हणाली.

माझं हे पाळणं केव्हाच सुटलंय. पण तिच्या डोक्यातलं पिळून ओढून काढायचं काम काही मला दिलेलं नाही. नोकरी टिकवायची होती, तेवढंच बघायचं.

सुपरवायझर पंपापाशी होता. त्याला सरळ सांगितलं की तिची पाळी असते तेव्हा ती फुलांना हात लावणार नाही, बादल्या धुवेल, खाडा करणार नाही. तो पंपाकडेच बघत म्हणाला, बादल्या तर तुम्ही धुता. ते खरंच होतं. फुलं ठेवायच्या बादल्या धुणं हे इथलं एकच बसून करायचं काम. गुडघे गेले तेव्हापासून ते माझ्याकडे आहे.

"तेवढे दिवस मी फुलं काढीन," मी म्हणाले.

"सरी," तो कन्नडमध्ये म्हणाला, म्हणजे ठीक आहे. मान काही वर केली नाही.

तेव्हापासून तसंच चाललंय. खोली राहिली, मुलगी इथल्या शाळेत जाते. पाळी आली की ती मला येऊन काही सांगत नाही. सकाळी नुसती माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभी राहते. मी उठते. आत उकडतं, वाकून वाकून कंबर धरते, वरून विमानं जातात आणि ओळ काही संपत नाही. संध्याकाळी पायरी उतरताना भिंत धरावी लागते.

परवा ती तेलाची वाटी घेऊन आली, म्हणाली, अक्का, पाय चोळून देते.

"पाय राहू देत," मी म्हटलं. "बादलीचा तळ नीट घासत जा. शेवाळ राहतंय."