चीक, डबा आणि मुकादम

खाडीकाठच्या दवाखान्यात मी दहा वर्षं नर्स होते. साठ सालच्या आसपासची गोष्ट, नवी मुंबईचं नावही नव्हतं तेव्हा. औषधं दर महिन्याला संपायची. किस्से मात्र साठत गेले, कारण आमच्याकडे शहाण्यांचा पुरवठा भरपूर.

*

आमचे डॉक्टर शहरातून शिकून आलेले. बाळंतिणींना सांगायचे, "घड्याळ लावून दर चार तासांनी पाजायचं. मध्ये रडलं तर रडू द्या."

मिठागरावर काम करणारी हिरा म्हणाली, "आमच्याकडं घड्याल नाय. पोर रडला का पाजते."

"अशानं वजन वाढत नसतं."

हिरानं पोर काट्यावर ठेवलं. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. मग मला म्हणाले, "सिस्टर, हा काटा बिघडलाय."

*

एकदा पावडरच्या दुधाचा एजंट आला. गळ्यात टाय, हातात डबा, डब्यावर गोरंपान बाळ. बायकांना जमवून म्हणाला, "आईचं दूध पुरत नाही. हे पाण्यात कालवा, झालं काम."

हिराची जाऊ गोदी, पोटुशी होती तेव्हा, उठून गेली आणि तांब्या घेऊन आली. मे महिना, विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी.

"पयला तुमी प्या."

"मला तहान नाही," एजंट म्हणाला.

"पोराला पन नसते. आई जवल हाय तवर."

डबे बॅगेत परत गेले.

*

गोदी बाळंत झाली, तर सासू अडून बसली. पहिल्या तीन दिवसांचं पिवळं दूध, चीक, म्हणे विषारी. पिळून टाकायचं आणि पोराला मध चाटवायचा. मी समजावून दमले. सासू मला म्हणाली, "तुला कुटं पोर झालाय?"

गोदीनं वाद घातला नाही. पेजेत चिमूटभर हळद कालवून, पिळलेला चीक म्हणून, वाटी सासूच्या हातात द्यायची. सासू ती लांब कुंपणापाशी ओतायला गेली, की पोर छातीशी. मधाचं बोट पदराला पुसलेलं.

महिन्यानं सासू गुटगुटीत नातू घेऊन आली. "बग बाय, तुजा आयकला असता तर पोर जगला असता का?"

मी वजन लिहून घेतलं.

*

मिठागराचा मुकादम बाळंतिणींना हाकलायचा. "पाजायला सुट्टी नाय. पोर सांभालायचा तर घरी बसा." हिराच्या कपड्यांवर दूध सुकायचं, पोर बांधावर झोळीत रडायचं.

त्याच मुकादमाची बायको बाळंत झाली. घरात डबा आला, चार दिवसांत पोराला हगवण. ती दवाखान्यात आली तेव्हा पोराला रडायचंही त्राण नव्हतं. मी त्याला आईच्या छातीला लावून बघितलं, ते धरेना. मी मिठागरावर हिराला निरोप धाडला.

हिरा मिठाच्या हातांनी आली. हात धुतले, पोर घेतलं आणि आधी स्वतःच पाजलं. जरा तरतरी आल्यावर त्याला आईच्या कुशीत आडवं धरलं. "घाय करू नको. तोंड मोटा उगडू दे. आता लाव."

पोरानं धरलं. मुकादमाची बायको रडायला लागली.

मुकादम दारात उभा होता. हिरानं मान वर केली नाही.

"मुकादम, माजा पोर बांधावर रडत असंल. उचलून आना."

मुकादम गेला.