बोहारणीशी घासाघीस

सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरखाली बोहारीण येते, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला तो शब्दच माहीत नाही. ती ओरडते, "आई, तुझी बर्तनवाली आली!"

माझ्या नव्या कादंबरीची नायिका या बोहारणीवरूनच घेतलेली. असलं मी कुणाला सांगत नाही, पण आता सांगूनच टाकते. आजवर सफाईवाल्या, वीटभट्टीवरच्या बायांवर लिहिलं, शाली पांघरून घेतल्या. त्यांच्यातल्या एकीलाही कधी एक ओळ वाचून दाखवली नाही. ते आत कुठेतरी खात राहतं. म्हणून या वेळी ठरवलं, हिने हो म्हटल्याशिवाय पुस्तक छापायला द्यायचं नाही. नाही म्हणाली, तर सगळी मेहनत कपाटात.

जिन्याच्या पायरीवर बसून मी तिला पानं हिंदीत करत वाचून दाखवू लागले. ती गाठोडं सोडून ऐकत होती. बोलली हिंदीतच, मी मराठीत देतेय.

"दीदी, हिचा नवरा का मारला?"

"म्हणजे... संघर्ष दिसावा म्हणून."

"माझा घरी बसून दिवसभर टीव्ही बघतो. तो संघर्ष कमी आहे?"

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"आणि रडते किती! मी अशी रडत बसले तर तुम्ही लोक एका फाटक्या साडीत कढई न्याल."

तिने माझ्या हातातलं पान घेतलं, साडी बघते तसं उजेडात धरलं आणि बाजूला टाकलं. "हे नाही चालणार."

मग काय, घासाघीसच सुरू झाली.

"सासू जाते तेव्हा तरी रडू दे."

"सासूसाठी? बिल्कुल नहीं! मुलीच्या पाठवणीला रडेल. एकदाच."

"बरं, नवरा जिवंत ठेवते, पण आजारी तरी असू दे?"

"खोकला द्या. त्याच्यावर काही नाही."

"चलो, दिला खोकला."

"आणि क्वार्टरवाल्या मॅडमशी भांडण लावा. त्यात ही जिंकली पाहिजे."

मॅडम कोण, ते विचारायची गरज नव्हती. "जिंकेल," मी म्हटलं.

तिने गाठोड्याला गाठ मारली. "मग छापा."

रविवारी मी त्या नवऱ्याला जिवंत केलं. उठल्या उठल्या त्याने चहा मागितला, नायिका खेकसली, आणि दोघांचं जे जुंपलं ते लिहून घ्यायला माझे हात पुरेनात.