कंपनीतून आली तशी जीप

बाबांच्या जीपच्या आरटीओ पासिंगची मुदत कधीच संपली होती. टोकावड्याला घरामागे ती नुसती उभी होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या, आणि मी माहेरी गेले की दरवेळी एकच सांगायचे, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका आता." ऐकलंच नाही असं दाखवत ते चहा पीत बसायचे.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. मुरबाडला माझ्या सासरच्या घराजवळ जीपा दुरुस्त करणारा एक फिटर आहे, त्याला विचारून ये म्हणाले.

"काय विचारू?"

"कंपनीतून आली तशी करून देशील का, म्हणून विचार. तशी केली तरच पासिंग होईल म्हणतात. नायतर गाडी कापायला जाईल." जरा थांबले आणि म्हणाले, "एकदा माळशेज चढायचाय गो. माझ्या गाडीनं, माझ्या हातानं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आता याला काय म्हणायचं? उठता-बसता गुडघे धरतात, आणि म्हणे घाट चढायचाय! मी वाट्टेल ते बोलले. आईनंही बोलून घेतलं. शेवटी फिटरकडे गेले मीच, कारण दुसरं कुणी जाणार नव्हतं.

कंपनीतून आली तशी म्हणजे नेमकं काय, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या जीपवर टोकावडे ते मुरबाड माणसं वाहण्यात घालवली. मूळची चार-पाच जणांची गाडी. बाबांनी मागची बॉडी लांब करून समोरासमोर बाकडी वेल्ड केली, टपावर टोपल्यांसाठी कॅरियर चढवला, मागे लटकणाऱ्यांना पायरी आणि धरायला नळी बसवली. माझी शाळा, माझं लग्न, आईचं ऑपरेशन, सगळं त्या बाकड्यांवर बसणाऱ्या माणसांनी केलं. जीप फिटरकडे आली, त्यानं गॅस कटर पेटवला आणि पहिली कापली ती बाकडीच.

"बघवतंय का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"न बघवायला काय झालं? जन्माला काय अशी आली होती ती?"

आणि ते खुश होते, हे खरंच. सकाळच्या एसटीनं मुरबाडला यायचे, दुपारी माझ्याकडे जेवायचे आणि तोंडात घास असताना कार्बोरेटरबद्दल बोलायचे. रंग खरवडला तर निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली क्रीम, आणि सगळ्यात खाली तो मूळचा हिरवा. तो दिसला तेव्हा भर रस्त्यात नाचतात की काय असं मला वाटलं. डाव्या मडगार्डाला दरडीचा दगड लागून मोठा पोचा आला होता, तोही त्यांनी ठोकून सपाट करून घेतला. पुढची जाळी, जुने दिवे, पुढच्या काचेची बॉनेटवर आडवी पडणारी चौकट, हे सगळं जुन्या बाजारांतून शोधून आणलं. चिडचिड माझी चालू होती, पण बाजार पालथे घालत मीच फिरत होते. ताडपत्रीचं छप्पर चढलं त्या दिवशी मलाही भरून आलं. काय देखणी दिसत होती मेली!

टेम्पोवर घालून आम्ही ती पासिंगला नेली. फिटरही बरोबर आला. तिथले साहेब तरुण होते, बोलायला चांगले. इंजिनाचा नंबर जुळला. मग चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, म्हणजे आकडे उमटतात. साहेबांनी पेन्सिल घासली. कागद नुसताच काळा झाला. त्यांनी जागा पुसून पुन्हा घासली. पुन्हा तेच. आम्ही सगळे वाकलो. फिटरनं सांगाड्याला मारलेल्या नव्या काळ्या रंगाखाली लोखंडाला खड्डेच खड्डे, एक आकडा शिल्लक असेल तर शपथ.

मला दसरा आठवला. गाडीच्या पूजेत बाबा सगळ्यात आधी नंबराची ती वीतभर जागा धरायचे. देवघरातल्या तांब्यासारखे आकडे लखलखले पाहिजेत म्हणून ते चिंचेच्या कोळानं घासायचे, हळदकुंकू वाहायचे आणि तिथल्याच लोखंडावर नारळ फोडायचे. ते पाणी पुसायचं नाही, तिथंच मुरू द्यायचं. तिथे एरवी रंगही लावू द्यायचे नाहीत. "गाडीचं नाव हाय ते, झाकायचं नाय," म्हणायचे. दर दसऱ्याला, न चुकता.

साहेब म्हणाले, "काका, इंजिन काय, कुठल्याही गाडीत बसतं. ही तुमचीच जीप कशावरून? दुसरी काही खूण आहे का?"

बाबा जीपभोवती फिरले. डाव्या मडगार्डावर हात ठेवून उभे राहिले. मग मागे जाऊन आत डोकावले. बोट दाखवायला काही ठेवलंच नव्हतं आम्ही. ते साहेबांकडे बघून नुसतं हसले, आणि त्यांचं ते ओशाळं हसू बघून मला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर फिटर हळूच म्हणाला, "नंबर ठोकून देतो नवा. कोण बघतंय?" मी लगेच हो म्हटलं. नंबर तर आपलाच, त्यात खोटं काय?

"नाय," बाबा म्हणाले. "चोरीच्या गाड्यांना करतात तसलं माझ्या गाडीला नाय करायचं."

नंबर पुन्हा ठोकून मिळायला साहेबांनी रीतसर अर्जाचा रस्ता सांगितला होता. तोही नको म्हणाले. "मीच घासून खाल्ला तो नंबर. आता कुठल्या तोंडानं मागू?"

"अहो, देवाचंच केलंत ना? त्यात तुमचं काय चुकलं?" मी ओरडले. रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. बाबा टेम्पोत जाऊन बसले.

पुढे फिटरनंच सांगितलं की शहरातले शौकीन लोक असे जुने मूळ पार्ट शोधत असतात. बाबा विकायला हो म्हणाले. अट एकच घातली, कुणी हातोडा लावायचा नाही, मीच खोलणार. मी टोकावड्याला गेले तेव्हा अंगणात गोणपाटावर जाळी, दिवे, चौकट, सगळं वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळून ठेवलं होतं. ज्याचे बोल्ट त्यालाच परत लावलेले.  

शेवटी स्टिअरिंग राहिलं. बाबांनी नटाला पाना लावला, काढला, परत लावला. मग त्यांनी मला हाक मारली.

"ये गो, तू काढ," म्हणाले. "माझ्यानं नाय होत."

मी पाना हातात घेतला आणि नट फिरवला.